बागेत बाक आहेत, स्वच्छतागृहाचे काय?

साठी ओलांडलेल्या माणसाला दोन सल्ले हमखास दिले जातात : रोज चालावे आणि पुरेसे पाणी प्यावे. दोन्ही सल्ले योग्य आहेत आणि दोन्हींना पैसा लागत नाही. परंतु घरून निघून बागेपर्यंत जायचे, चार फेऱ्या मारायच्या, घटकाभर बाकावर टेकायचे आणि परत यायचे, म्हणजे तास-दीड तास सहज जातो. तेवढ्या वेळात लघवीची भावना झाली तर जायचे कोठे, या प्रश्नापाशी आले की हे दोन्ही सल्ले एकमेकांच्या आड येतात. पाणी प्यावे तर फिरण्याची धास्ती, आणि फिरायचे तर पाण्याची धास्ती. बहुतेक ज्येष्ठ मंडळी आपापल्या परीने यावर तोड काढतात. कोणी निघण्यापूर्वी दोन तास पाण्याला स्पर्श करीत नाही, कोणी सकाळचा चहा पुढे ढकलतो, कोणी फेऱ्या निम्म्यावर आणतो. काही जण, आणि त्यांत स्त्रिया अधिक, बागेत जाणेच थांबवतात आणि कारण विचारले की गुडघ्यांकडे बोट दाखवतात.

वाचकहो, या पंधरवड्यात विषय घेतला आहे तो आपल्या वस्तीतील बागेच्या स्वच्छतागृहाचा. आरोग्याच्या सदरात हा विषय कशासाठी, असे कोणाच्या मनात आले तर नवल नाही. पण वृद्धापकाळी घराबाहेर पडणे टिकते की सुटते, हे औषधांइतकेच अशा साध्या सोयींवर अवलंबून असते. बाग घराजवळ असणे, तिथवरचा रस्ता चालता येण्याजोगा असणे, बसायला बाक असणे आणि गरज पडली तर जायला स्वच्छतागृह असणे, या चार गोष्टींपैकी एक जरी निखळली तरी बाग ज्येष्ठांपुरती बंद होते. पहिल्या तीन गोष्टींविषयी आपण मोकळेपणाने बोलतो. चौथीविषयी मात्र संकोच आडवा येतो, आणि जे बोलले जात नाही ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात येत नाही.

शरीरात काय बदलते

तरुण वयात मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी साठू शकते, आणि पहिली जाणीव त्याच्या बऱ्याच आधी होते. जाणीव आणि निकड यांमध्ये चांगला अवधी असतो. हातातले काम आटोपून, घरी पोहोचून जाता येते. वय वाढते तसा हा अवधी आखडत जातो. मूत्राशयाची लवचीकता कमी होते, त्याचे स्नायू वेळी-अवेळी आकुंचन पावू लागतात, आणि जाणीव होते तीच मुळी निकडीसह. पूर्वी अर्धा तास मिळत असे, तिथे आता पाच मिनिटे मिळतात.

पुरुषांमध्ये यात प्रोस्टेट ग्रंथीची भर पडते. साठीच्या आसपास सुमारे निम्म्या पुरुषांत ही ग्रंथी वाढलेली आढळते. तिच्या दाबामुळे धार मंदावते, मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही आणि थोड्याच वेळात पुन्हा जावेसे वाटते. स्त्रियांमध्ये बाळंतपणांमुळे आणि रजोनिवृत्तीनंतरच्या बदलांमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होतात. मग खोकला, शिंक, हसणे किंवा बाकावरून उठणे एवढ्यानेही थेंब गळतात. मधुमेह असेल तर लघवीचे प्रमाणच वाढते. रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तिचा परिणाम दिवसाच्या ठरावीक तासांत एकवटतो. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीचा प्रभाव घेतल्यापासून तासाभरात सुरू होतो आणि सुमारे सहा तास राहतो. सकाळी सात वाजता गोळी घेऊन आठ वाजता बागेत पोहोचलेल्या माणसाची स्थिती काय होत असेल, हे यावरून ध्यानात यावे. थंडीच्या दिवसांत घाम कमी येतो आणि लघवीचे प्रमाण वाढते, त्यामुळे प्रभातफेरीचा जो सर्वांत आल्हाददायक ऋतू, तोच या दृष्टीने सर्वांत अडचणीचा ठरतो.

हे सारे आजार आहेतच असे नाही. यातील बराचसा भाग वयानुसार होणाऱ्या बदलांचा आहे, आणि जे शिल्लक राहते त्यावर पुष्कळदा उपचार आहेत. परंतु उपचार उत्तम झाले तरी पासष्ट-सत्तरीच्या माणसाला तीस वर्षांच्या माणसापेक्षा अधिक वेळा जावे लागणार, हे गृहीत धरूनच सार्वजनिक जागा आखायला हवी.

टाळण्याची किंमत

पाणी कमी प्यायल्याने प्रश्न सुटत नाही, तो जागा बदलतो. वयानुसार तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात मुद्दाम पाणी तोडले तर लघवी दाट होते, दाट लघवीने मूत्राशय अधिक चिडचिडे होते आणि उलट अधिक वेळा जावेसे वाटते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. बद्धकोष्ठ होते आणि भरलेल्या आतड्याचा दाब पुन्हा मूत्राशयावरच येतो. शरीरातील पाणी घटल्याने उभे राहताना रक्तदाब उतरतो, भोवळ येते आणि तोल जातो. काही ज्येष्ठांमध्ये पाण्याची कमतरता किंवा संसर्ग हा प्रथम मनाच्या गोंधळातून प्रकट होतो. एरवी व्यवस्थित बोलणारी व्यक्ती एकाएकी असंबद्ध बोलू लागते आणि घरचे लोक स्मृतिभ्रंशाच्या शंकेने घाबरून जातात.

फिरणे थांबवण्याची किंमत त्याहून मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार ज्येष्ठांनीही आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी, आणि तोल व बळ राखणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. घरातल्या घरात येरझाऱ्या घालून काही प्रमाणात हे साधते. पण बागेत चालण्याबरोबर ऊन मिळते, समवयस्क भेटतात, हास्यक्लब किंवा योगवर्गाच्या निमित्ताने दिवसाला एक वेळापत्रक राहते. हे सुटले की माणूस खिडकीपाशी बसतो, आणि त्यानंतरची उतरण आपण सर्वांनी कोणा ना कोणाच्या घरी पाहिलेली असते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमधील ‘रॉयल सोसायटी फॉर पब्लिक हेल्थ’ या संस्थेच्या २०१९ च्या अहवालात पाचांपैकी एका व्यक्तीने सांगितले, की स्वच्छतागृहांच्या अभावी मनाजोगे बाहेर पडता येत नाही. आणि निम्म्याहून अधिक लोकांनी, या अडचणीमुळे आपण मुद्दाम कमी पाणी पितो असे नोंदवले. संपन्न देशातील हे चित्र असेल, तर आपल्या शहरांविषयी वेगळे सांगायला नको.

स्त्रियांनी उघडलेली वाट

ही मागणी करायला संकोच वाटत असेल तर थोडा मागोवा घेण्यासारखा आहे. मुंबईत २०११ साली ‘कोरो’ आणि इतर स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांनी ‘राइट टू पी’ हे आंदोलन उभे केले. मागणी अगदी साधी होती : रस्त्यावर कामासाठी फिरणाऱ्या स्त्रीला लघवीसाठी स्वच्छ, सुरक्षित आणि विनामूल्य जागा मिळावी. पुरुषांना मुतारी फुकट आणि स्त्रियांना मात्र त्याच कारणासाठी पैसे, हा भेद त्यांनी चव्हाट्यावर आणला. त्यासाठी त्यांनी शहरातील स्वच्छतागृहांची पाहणी केली, सह्या गोळा केल्या आणि महापालिकेकडे सतत पाठपुरावा केला. आंदोलनाचे नावच असे ठेवले की बोलणाऱ्याची भीड पहिल्या शब्दालाच मोडावी.

पुण्यातही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. विद्या बाळ यांच्या ‘मिळून साऱ्याजणी’ या मासिकाच्या वतीने झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये निर्णय दिला. स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे असणे हे संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काशी निगडित आहे, असे मानून न्यायालयाने राज्यातील महापालिकांना त्यासाठी योजना आखण्याचे निर्देश दिले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही न्यायालयांच्या आवारातील स्वच्छतागृहांविषयी निर्णय देताना स्त्री, पुरुष, दिव्यांग आणि तृतीयपंथी अशा सर्वांसाठी ही सोय असणे हा अनुच्छेद २१ चाच भाग असल्याचे सांगितले.

कायद्याचा आधार त्याहूनही जुना आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ मध्ये महापालिकेची जी बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत, त्यांत सार्वजनिक शौचालये व मुताऱ्या बांधणे, त्यांची देखभाल करणे आणि ती स्वच्छ ठेवणे यांचा समावेश आहे. म्हणजे आपण निवेदन घेऊन जातो तेव्हा कोणाची मेहेरबानी मागायला जात नाही. कर्तव्याची आठवण करून द्यायला जातो. हा फरक बोलण्याच्या सुरात उतरला पाहिजे. सूर नम्र असावा, पण याचकाचा नसावा.

मागणी नेमकी कोणती?

‘बागेत स्वच्छतागृह बांधावे’ एवढेच वाक्य अपुरे आहे. त्यापूर्वी एक सकाळ आणि एक संध्याकाळ बागेत शोध घेण्यात घालवावी. कारण पुष्कळ बागांत स्वच्छतागृह मुळात बांधलेले असते, पण त्याला कुलूप असते. किंवा आत माळीकामाची अवजारे, खताची पोती आणि मोडके बाक रचलेले असतात. किंवा खोली उघडी असते पण टाकीत पाणी नसते. अशा ठिकाणी नव्या बांधकामाची मागणी केली तर प्रकरण निविदा, नकाशे आणि मंजुऱ्यांत दोन वर्षे अडकेल. तिथे पहिली मागणी कुलूप काढण्याची, पाणी जोडण्याची आणि सफाईसाठी माणूस नेमण्याची असावी. ती थोड्या खर्चात आणि थोड्या दिवसांत पुरी होऊ शकते.

जिथे नवे बांधकाम खरोखरच हवे असेल, तिथे ते ज्येष्ठांना वापरता येण्याजोगे असावे यावर कटाक्ष ठेवावा. केवळ जमिनीलगतचे भारतीय पद्धतीचे भांडे बसवले तर ज्यांच्यासाठी मागणी केली त्यांनाच ते निरुपयोगी ठरते, कारण उकिडवे बसलेला माणूस दुखऱ्या गुडघ्यांवर पुन्हा उठू शकत नाही. निदान एक कमोड असावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसवलेल्या आधाराच्या दांड्या असाव्यात. पायऱ्यांऐवजी किंवा पायऱ्यांच्या जोडीला उतार असावा. शासकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याचे प्रमाण १ : १२ म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी असे असते, आणि चाकाच्या खुर्चीसाठी दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर लागते. फरशी खरखरीत असावी. गुळगुळीत टाइल्स ओल्या झाल्या की मांडीचे हाड मोडायला एक पाऊल पुरते. दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी, म्हणजे आत कोणी पडले तर सोडवता येईल. दिवा असावा. पिशवी, काठी आणि शाल अडकवायला खुंटी असावी. ती नसली की काठी भिंतीला टेकवावी लागते आणि ती घसरून पडली की वाकून उचलण्याची नवीन पंचाईत होते.

एक गोष्ट तर हमखास विसरली जाते. पक्षाघात झालेल्या पतीला पत्नी बागेत आणते, स्मृतिभ्रंश झालेल्या आईला मुलगा आणतो. अशा वेळी ‘स्त्रिया’ आणि ‘पुरुष’ अशा दोनच दारांपैकी कोणत्या दाराने जायचे? आईला एकटीला आत पाठवावे तर ती गोंधळते, कडी लावून घेते आणि ती काढता येत नाही म्हणून घाबरते. मुलाने आत जावे तर इतर स्त्रियांना ते रास्तपणे खटकते. म्हणून थेट बाहेरून दार असलेली, दोन माणसे मावतील अशी एक स्वतंत्र खोली हवी. दिव्यांगांसाठीची खोली याच कामी येते, आणि लहान नातवंडाला घेऊन आलेल्या आजोबांनाही तिचाच उपयोग होतो. शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी ही मागणी स्वतःच्या तोंडाने मांडावी, कारण तिची निकड त्यांच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते.

बागेत सफाई करणाऱ्या बायका, माळी, रखवालदार आणि दारापाशी फुले-भाजी विकणारे यांनाही विचारायला हवे. आपण तासाभरासाठी येतो. त्यांचा आठ-आठ तासांचा दिवस याच जागी जातो. त्यांना सोबत घेतले तर मागणी व्यापक होते, आणि पुढे देखभालीवर लक्ष ठेवायला तीच माणसे सर्वांत उपयोगी पडतात.

पाठपुरावा कसा करावा?

ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब किंवा सकाळच्या फिरण्यातला गट यांपैकी जे असेल त्याच्या नावाने निवेदन तयार करावे. एकट्याने लिहिलेले पत्र तक्रार ठरते, तर चाळीस सह्यांचे पत्र वस्तीचे म्हणणे ठरते. सह्यांमध्ये स्त्रियांची संख्या चांगली असावी. निवेदन एका पानात बसावे. मजकूर साधारण असा असू शकेल :

“आमच्या प्रभागातील या बागेत दररोज सकाळी व संध्याकाळी मोठ्या संख्येने ज्येष्ठ नागरिक येतात. आम्ही सलग सात दिवस केलेली मोजणी सोबत जोडली आहे. बागेत वापरण्यायोग्य स्वच्छतागृह नाही. सर्वांत जवळचे सार्वजनिक स्वच्छतागृह पायी किती मिनिटांच्या अंतरावर आहे व त्याची स्थिती काय आहे, हेही नोंदवले आहे. वाढत्या वयात ही सोय नसल्याने अनेकांना बागेत येणे बंद करावे लागले आहे. तरी (१) बागेतील बंद स्वच्छतागृह पाणी व दिव्यासह सुरू करावे, (२) त्यात एक कमोड व आधाराच्या दांड्या बसवाव्यात, (३) बागेच्या संपूर्ण वेळेत ते उघडे ठेवून दिवसातून किमान तीन वेळा सफाई व्हावी, ही विनंती.”

सात दिवसांची मोजणी हा या पत्राचा कणा आहे. ती करायला अवघड काहीच नाही. दोघांनी दाराजवळच्या बाकावर बसून वहीत रेघा ओढाव्यात : स्त्रिया किती, पुरुष किती, काठी किंवा चाकाची खुर्ची घेऊन येणारे किती. सोबत कुलपाचे किंवा मोडक्या दाराचे छायाचित्र जोडावे. ‘खूप लोक येतात’ असे म्हटले तर अधिकारी मान डोलावतात. रोजचा आकडा आणि छायाचित्र समोर ठेवले तर त्यावर काहीतरी लिहिणे त्यांना भाग पडते.

हे निवेदन क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयात, त्याची प्रत उद्यान विभागाला आणि दुसरी नगरसेवकांना द्यावी. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक यांसह पोच घेतल्याशिवाय जागचे हलू नये. महापालिकेचे आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते आणि त्याचे अंदाजपत्रक हिवाळ्यातच आकार घेते. त्यामुळे खर्चाची मागणी असेल तर ती दिवाळीपूर्वी पोहोचलेली बरी. पुणे महापालिकेत नागरिकांनी आपल्या प्रभागातील छोटी कामे अंदाजपत्रकासाठी सुचवण्याची पद्धत २००६ पासून आहे. इतर शहरांतही अशी काही वाट आहे का, ते प्रभाग कार्यालयात विचारावे.

महिना-दीड महिना उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराचा वापर करावा. अर्जाचे शुल्क १० रुपये असून कोर्ट फी स्टॅम्प लावूनही ते भरता येते. महाराष्ट्रातील नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या मर्यादेत असावा लागतो, आणि माहिती ३० दिवसांत देणे बंधनकारक असते. ‘स्वच्छतागृह का बांधत नाही’ असा प्रश्न विचारू नये, कारण ‘का’चे उत्तर देण्यास अधिकारी बांधील नसतो. आमच्या निवेदनावर आजवर झालेल्या कार्यवाहीच्या कागदांच्या प्रती द्याव्यात, बागेच्या देखभालीवर गेल्या वर्षी झालेल्या खर्चाचा तपशील द्यावा, सफाईचे कंत्राट असल्यास त्याची प्रत द्यावी, अशी कागदांची मागणी करावी. पुष्कळदा अर्जाचे उत्तर येण्याआधी कुलूप उघडते.

शेजाऱ्यांचा विरोध आणि त्याचे उत्तर

मागणी पुढे सरकली की विरोध बहुधा महापालिकेकडून न येता बागेलगतच्या इमारतींमधून येतो. आमच्या खिडकीखाली दुर्गंधी येईल, रात्री तिथे भलतेच लोक जमतील, झाडे तोडावी लागतील, अशा शंका असतात. त्यांना ‘स्वार्थी’ म्हणून झटकणे चूक आहे. आपल्याकडील सार्वजनिक स्वच्छतागृहांचा अनुभवच असा आहे, की शंका घेणाऱ्याला दोष देता येत नाही. पण त्यांच्यापाशी बसून काही गोष्टी समजावता येतात. दुर्गंधी स्वच्छतागृहामुळे येत नाही, पाणी आणि सफाई नसल्यामुळे येते. स्वच्छतागृह नसल्याने आज बागेची मागची भिंत तेच काम करीत आहे आणि तिला तर पाणीही घातले जात नाही. जागा प्रवेशदाराजवळ, रखवालदाराच्या नजरेच्या टप्प्यात, उजेडात आणि मलनिःसारण वाहिनीच्या जवळ निवडली, तर झाडाला धक्का लागत नाही आणि गैरवापरालाही आळा बसतो. बाग बंद होताना तेही बंद व्हावे. ही सर्व अभिवचने निवेदनातच लिहावीत आणि शक्य असेल तर त्या इमारतींमधील एक-दोघांना देखरेखीच्या गटात घ्यावे.

पैसे घ्यावेत की नाही, यावरही वाद होतो. फिरायला निघालेल्या माणसाच्या, विशेषतः आजीबाईंच्या, हाती पाकीट नसते. दोन रुपयांसाठी अडवले गेले की ती व्यक्ती पुन्हा येत नाही. म्हणून लघवीसाठी शुल्क नसावे हेच योग्य. पण विनामूल्य ठेवायचे तर सफाई कामगाराचे वेतन, पाणी, साबण आणि दुरुस्ती यांची तरतूद महापालिकेने कागदावर दाखवली पाहिजे. ती न दाखवता उद्‌घाटन झाले, तर फलक नवा राहतो आणि सहा महिन्यांत पुन्हा कुलूप लागते. म्हणून या चळवळीचा निम्मा भाग उद्‌घाटनानंतर सुरू होतो असे समजावे. दाराच्या आत सफाईच्या वेळांचा तक्ता लावावा, त्यावर कामगाराची रोज सही व्हावी, आणि गटातील एकाने आठवड्यातून एकदा पाणी, दिवा, कडी आणि दांड्या तपासाव्यात. जो कामगार हे काम करतो त्याला हातमोजे, बूट आणि वेळेवर पगार मिळतो की नाही, हेही याच वहीत नोंदवावे. आपली सोय त्याच्या गैरसोयीवर उभी राहू नये.

तोवर स्वतःसाठी काय करावे?

सोय होईपर्यंत काही महिने जातील. तेवढ्यात फिरणे सोडू नये. निघण्याच्या अगदी आधी मूत्राशय रिकामे करावे. पाणी तोडू नये. ते दिवसभरात विभागून घ्यावे आणि निघण्यापूर्वीच्या तासात थोडे कमी घ्यावे. चहा-कॉफी फिरून आल्यावर घ्यावी. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असेल, तर तेच पाळावे. लघवी वाढवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये किंवा पुढे-मागे करू नये. तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. अनेकांना तशी मुभा मिळते.

अचानक निकड वाटली तर धावू नये. धावताना गळतीही होते आणि पडण्याचाही धोका असतो. जागीच उभे राहावे किंवा बसावे, लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते चार-पाच वेळा आवळावेत, संथ श्वास घ्यावा. लाट ओसरली की शांतपणे चालू लागावे. हेच स्नायू रोज बळकट करता येतात. पाच सेकंद आवळणे, तितकाच वेळ सोडणे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. हा सराव लघवी करताना करू नये. परिणाम दिसायला सहसा दोन-तीन महिने लागतात. गरज असेल तर शोषक पॅड वापरण्यात कमीपणा नाही. चष्मा लावतो तितकीच ती साधी बाब आहे.

मात्र लघवीतून रक्त जाणे, जळजळ व ताप, लघवी पूर्ण अडणे, अवघ्या काही दिवसांत वारंवारता एकदम वाढणे किंवा एकाएकी मनाचा गोंधळ होणे यांपैकी काही दिसले, तर बागेला दोष देत बसू नये. विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना शेवटी एक विनंती. आपल्या घरातील आई, वडील, सासूबाई किंवा आजोबा यांनी अलीकडे फिरायला जाणे कमी केले असेल, तर ‘का जात नाही’ असे विचारू नये. त्याला गुडघ्यांचे उत्तर तयार असते. ‘बागेत गेल्यावर लघवीची अडचण होते का?’ असे सरळ, हलक्या आवाजात आणि एकांतात विचारावे. पहिल्यांदा कदाचित नकार येईल. दुसऱ्यांदा विचारले की बहुधा खरे कारण बाहेर येते. ते आले की डॉक्टरांची भेट ठरवावी आणि त्याच संध्याकाळी सह्यांच्या कागदावर पहिली सही आपली करावी.